नववी चुणी

निवृत्त झाल्यापासून भूमितीच्या मास्तरांनी घरातली प्रत्येक वस्तू मोजून काढली होती, बायकोची सहनशक्ती तेवढी सोडून. त्यामुळे हॉलच्या खिडकीला पडदे लावायचे ठरल्यावर त्यांनी ती तीनदा मोजली आणि शिंप्यासाठी कागदावर लिहिलं: दोन पडदे, प्रत्येकी आठ चुण्या, जमिनीपासून दोन बोटं वर.

पडदे हवे होते बाईंना. समोरच्या इमारतीतल्या एका खिडकीत एक म्हातारा उभा असायचा. ते घर तीन वर्षं कुलूपबंद होतं, असं वॉचमन शपथेवर सांगायचा. म्हातारा मात्र भर दुपारी, लख्ख उन्हात, हात मागे बांधून उभा. महिनाभर बाई हॉलमध्ये बसल्या नव्हत्या. चहासुद्धा ओट्याशी उभ्यानं.

"शनिवारपर्यंत पडदे लागले नाहीत, तर मी ताईकडे चालले. कायमची."

"त्यापेक्षा फिकट रंग घेऊ या का? उजेड राहील," मास्तर म्हणाले.

बाईंनी नुसतं बघितलं. जाड, गडद हिरवं कापड ठरलं.

शनिवारी दुपारी शिंपी आला, स्टुलावर चढला आणि दांडीत पडदे ओवता ओवता म्हणाला, "तुमच्या थोरल्या भावांनी सांगितलं तसंच केलंय हो."

"कुठला भाऊ? मी एकुलता एक आहे."

"काय थट्टा करता मास्तर! बुधवारी आले होते की दुकानात. उंच, हात मागे बांधलेले. डावा पडदा जरा ऐसपैस ठेवा म्हणाले. खिडकीचं माप तोंडपाठ त्यांना. रोज बघतो म्हणाले."

मास्तरांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. आत भांडी वाजत होती; बाईंनी ऐकलं नव्हतं. शिंपी दोन्ही पडदे सारखे करून निघून गेला.

बाई हात पुसत बाहेर आल्या. मधली फट बोटभर उघडून त्यांनी भीत भीत पलीकडे पाहिलं.

"अहो, गेला की तो! खिडकी रिकामी आहे!"

महिन्याभरानं त्या सोफ्यावर बसल्या, चक्क पाय वर घेऊन. आणि हसल्या. ते हसणं मास्तर विसरूनच गेले होते.

सवयीनं त्यांनी चुण्या मोजल्या. उजवीकडे आठ. डावीकडे नऊ. पुन्हा मोजल्या. जन्मभर पोरांचे हिशेब चुकीचे ठरवणाऱ्या माणसानं आज पहिल्यांदाच आपला चुकला असावा अशी आशा धरली. नऊच. बाकीच्या चुण्या हातानं दाबल्या की बसत होत्या, नववी बसेना. ती कोमट होती. खिडकी बंद असूनही तिथलं कापड हलकेच आत जात होतं, बाहेर येत होतं.

पडद्याखालची दोन बोटांची फट त्यांनी वाकून तपासली नाही.

"बसले ना हो पडदे नीट?" बाईंनी विचारलं.

हिला सांगितलं, तर ही पुन्हा ओट्याशी जाईल. नाहीतर ताईकडे.

"अगदी मापात," मास्तर म्हणाले. खुर्ची ओढून ते सोफा आणि डावा पडदा यांच्या मधोमध, पडद्याकडे तोंड करून बसले.

"इश्श! त्या पडद्याकडे काय बघत बसलात? इकडे बघा ना माझ्याकडे. किती दिवसांनी निवांत बसतोय."

मास्तरांनी खुर्ची वळवली.