लोटूने केलेलं मराठी

सुपडूचा आपल्या साडूवर, म्हणजे लोटूवर, डोळे झाकून विश्वास होता. खानदेशातून त्याला सुरतेला आणलं लोटूने, नवागामात खोली बघून दिली लोटूने, आणि उधन्याच्या कारखान्यात मागांवर स्वतःबरोबर जोड लावली तीही त्यानेच. जोड म्हणजे त्याच मागांवर एक दिवसपाळीला, दुसरा रातपाळीला. एकाचे खाडे वाढले की शेठ दोघांनाही घरी बसवायचा.

पाच वर्षांपूर्वी सुपडूच्या डोळ्यांचं काचबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा सोबत लोटूच होता. सुपडूला तेव्हा गुजराती ओ की ठो कळत नव्हतं. डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या आणि लोटूने बाहेर येऊन त्याचं मराठी एका दमात उरकलं: झालं काम, आता परत यायला नको. शेजारच्या सुकलालचंही तिथेच काचबिंदूचंच ऑपरेशन झालेलं, आणि तो ठणठणीत होता. मग शंका कशाला घ्यायची?

आता मात्र बाजूची माणसं दिसेनात, चालता चालता खांदा दाराला धडकू लागला. सुपडू एकटाच त्या दवाखान्यात गेला. बाई त्याच होत्या, आणि एव्हाना त्याला गुजराती समजत होतं. त्याने सुकलालचं विचारलं. त्याचा काचबिंदू वेगळा, त्या म्हणाल्या; डोळा एकदम ठणकला, वेळेत इलाज झाला, निभावलं. सुपडूचा मुकाट्याने नजर खाणारा. ऑपरेशनात डोळ्याच्या आतल्या पाण्याला करून दिलेली वाट काही वर्षांनी बुजू शकते, डोळ्यातला दाब पुन्हा चढतो, म्हणून जन्मभर तपासत राहावं लागतं. उरलेली नजर जपता येईल, गेलेली परत येणार नाही.

"तुमच्याबरोबरच्या माणसाला मी हे दोनदा बजावलं होतं," त्या म्हणाल्या.

तिथून सुपडू तडक कारखान्यात गेला. जाब विचारल्यावर लोटू खोटं बोलला नाही.

"तुले तवय सांगतू, तर तू तपासासाठे खाडा करता. मंग शेठ आपले दोन्हीसले काढी देता."

लोटूच्या घरी खाणारी तोंडं किती, हे सुपडूला ठाऊक होतं. पण तेवढ्याने राग निवला नाही, उलट भडकला. खाणारी तोंडं काय एकट्या लोटूच्याच घरी होती?

घरी येऊन त्याने बायकोला, उषाबाईला, सगळं सांगितलं. तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, तिच्या जिवाला लागेल, म्हणून जपून सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली. "दाजीनी तवयच सांगं. काम गयं तर पोरंसनं काय, म्हनीसन गप ऱ्हायनू."

गेली दोन-तीन वर्षं ती ताट त्याच्या अगदी समोर ठेवायची. बाजारात त्याचं मनगट धरून चालायची. शेजारी थट्टा करायचे आणि सुपडू वरवर चिडून मनातून सुखावायचा, बायकोचा आपल्यावर भारी जीव आहे म्हणून.

आजही तिने पाण्याचा तांब्या सरकवून त्याच्या हाताशी आणला. त्याने हात मागे घेतला.