हिरव्या चिठ्ठीचे उंदीर

मॅडम शू-कव्हर न चढवता आत आल्या, तेव्हाच मामांनी ताडले की काहीतरी आक्रीत घडले आहे. अकरा वर्षांत ही बाई प्राणीघराच्या दुसऱ्या दारातून उघड्या चपलांनी कधी आत आली नव्हती. मामांच्या डाव्या मुठीत भलत्याच कुठल्या प्रयोगाचा उंदीर होता आणि उजव्या हातात वजने लिहायची पेन्सिल.

"मामा, पाकीट उघडलं," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. "औषध चाललं."

मामांनी आधी उंदीर पिंजऱ्यात ठेवला, झाकण लावले आणि मगच विचारले, "आपलं औषध?"

"आपलंच. हिरव्या चिठ्ठीवाले एकोणीस दिवस जास्त जगले. वजनं बघा त्यांची. पिवळ्यांची घसरत गेली, यांची टिकली."

"हिरव्यांनाच औषध होतं ते मला ठाऊक होतं," मामा सहज बोलून गेले.

मॅडम हसल्या, आणि मग त्यांचे हसू हळूहळू विरले. "कसं ठाऊक होतं?"

ते ठाऊक असायला नको होते, हीच तर सगळी मेख होती. हातापायांचे स्नायू वाळत जाणारा तो आजार. जन्मापासूनच तो आजार घेऊन आलेले साठ उंदीर, एका पिंजऱ्यात एक. तीस पिंजऱ्यांवर हिरवी चिठ्ठी, तिसांवर पिवळी. एका रंगाला औषध आणि दुसऱ्याला नुसते मिठाचे पाणी. कोणत्या रंगाला काय, हे मोठ्या साहेबांच्या कपाटातल्या बंद पाकिटात. खुद्द मॅडमनाही पत्ता नव्हता. मामा उंदीर धरायचे, मॅडम बोथट सुईने घशात डोस सोडायच्या, साठ झाले की हात धुऊन निघून जायच्या. मामा मात्र तिथेच असायचे. एकोणतीस वर्षे ते तिथेच होते. गल्लीतली पोरे त्यांना उंदीरमामा म्हणत, आणि मामाही "भाच्यांना खाऊ घालून येतो रे," असे म्हणत कामावर निघत.

"तोंड घासतात ना ते," मामा म्हणाले. "सुई बाहेर काढताना थेंब राहतो ओठाला. हिरवे सगळे भुशात तोंड घासत बसतात. पिवळे नाही घासत. मिठाच्या पाण्याला कोण कशाला घासेल? मी एकदा झाकणाला लागलेला थेंब चाखून बघितला. कडूजहर."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "मामा, हे मला आधी नाही सांगितलंत."

"मला वाटलं, सगळ्यांना दिसतंय."

"बरं, असू दे." मॅडम भराभर विचार करत होत्या. "तुम्ही दोघांना वागवलंत तर सारखंच ना? सारखं खाणं, सारखं पाणी? हिरव्यांना वेगळं काही नाही?"

मामांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. अकरा वर्षांत ते तोंड इतके उजळलेले त्यांनी पाहिले नव्हते.

"नाही," ते म्हणाले.

झाले. एक शब्द, आणि माणूस अडकला.

खरे काय ते असे. डोस दिल्यावर हिरवे उंदीर पाण्याच्या नळीला तोंड लावत नसत. कडवट तोंडाने खाद्याच्या कांड्या हुंगून परत फिरत. मामांना ते बघवेना. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी चार कांड्या कोमट पाण्यात भिजवल्या, चिमूटभर साखर घातली आणि तो लगदा बोटावर घेऊन एकेका हिरव्याच्या तोंडाशी धरला. उंदीर बोट चाटूनपुसून स्वच्छ करायचा. पिवळ्यांची तोंडे कडू होत नव्हती, म्हणून त्यांना दिला नाही. साधा हिशेब होता. तापातल्या पोराला साखर घालून काढा पाजावा, तितकीच त्यात लबाडी.

पण तितकीच होती का? मामांची बायको याच आजाराने घरी बसली होती. ती शिंप्यांकडची काजे-बटणे घरी आणून करायची, आणि दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिच्या बोटांतून सुई सुटायला लागली. आधी तिने सुईला नावे ठेवली, मग चष्म्याला. आता तिची बोटे आतल्या बाजूला वळून बसली होती आणि मामा तिला दोन्ही वेळा भरवत होते. तेव्हा हिरव्यांना भरवताना केवळ त्यांच्या कडू तोंडाची दया होती, असे मामा छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते. औषध लागू पडावे असे त्यांना वाटत होते. फार वाटत होते.

आठवडाभरात मॅडमनी स्वतःहून विचारले. "मामा, मोठ्या रुग्णालयात आता माणसांवर चाचणी घ्यायचं ठरतंय. तुमच्या मिसेसचं नाव देऊ?"

आंधळा मागतो एक डोळा, असे व्हायला हवे होते. मामा मात्र "घरी विचारतो" म्हणाले आणि पुन्हा पिंजऱ्याचे झाकण पुसायला लागले.

घरी त्यांनी सांगितले तेव्हा बायकोने आधी तोंडातला घास गिळला. मग म्हणाली, "उंदरांना खरंच गुण आला का हो?"

"एकोणीस दिवस जास्त जगले."

"उंदराचे एकोणीस म्हणजे माणसाचे किती?"

"मॅडम म्हणतात, दीडेक वर्ष धर."

"दीड वर्ष पुष्कळ झालं," ती म्हणाली. "तोवर धाकट्या लेकीचं बाळ चालायला लागेल." आणि दुधात भिजवलेल्या पावाचा पुढचा घास घ्यायला तिने तोंड उघडले. त्या दिवशी तिने कधी नव्हे ते दोन घास जास्त खाल्ले. मामांनी वाटी मांडीवर घट्ट दाबून धरली.

त्यानंतर धरले तर चावते, सोडले तर पळते अशी त्यांची गत झाली. ते स्वतःला समजावत, औषधात दम असेलच की थोडा. नुसत्या साखरलगद्याने कुठे एकोणीस दिवस मिळतात? मग त्यांनाच आठवे, नळीपासून तोंड फिरवणारे ते उंदीर. हे औषध भूक मारत होते. ते मॅडमना दिसले नाही, आकड्यांत आले नाही, कारण रोज सकाळी मामांचे बोट मध्ये येत होते. एकोणतीस वर्षांत हजारो जनावरे त्यांनी स्वतःच्या हाताने वायूच्या पेटीत ठेवली होती. मारले असे प्राणीघरात कुणी म्हणत नाही, मोकळे केले म्हणतात. एवढे करून मामांना रात्री नीट झोप लागायची, कारण मोकळा केलेला प्रत्येक उंदीर काहीतरी सांगून जातो असे त्यांना पहिल्याच साहेबांनी शिकवले होते. हे साठ काय सांगून गेले, ते फक्त मामांना माहीत होते.

यादीत नाव घालायला ते बायकोला चाकाच्या खुर्चीतून रुग्णालयात घेऊन गेले. व्हरांड्यात भिंतीला लागून खुर्च्या होत्या आणि वीस-बावीस माणसे बसली होती. बहुतेकांचे हात बायकोसारखेच मांडीवर नुसते ठेवलेले. बायकोला नर्सने तपासायला आत नेले आणि मामा एका रिकाम्या खुर्चीवर टेकले. शेजारी पन्नाशीचा एक माणूस दोन मनगटांत पाण्याची बाटली धरून दातांनी तिचे बूच फिरवत होता.

"आणा इकडे," मामा म्हणाले. त्यांनी बूच काढले, बाटली त्याच्या ओठाला लावली. माणूस घटाघट प्याला.

"सकाळपासून तहान लागली होती," तो म्हणाला.

"सोबत कोण आलंय?"

"कुणी नाही. मी एकटाच असतो."

"मग जेवणखाण?"

"शेजारीण ताट आणून ठेवते. खाली वाकून खातो कसंबसं. थोडी लाज वाटते, पण बघायला असतं कोण?" तो हसला. "आता हे औषध आलंय ना. उंदरांना लागू पडलंय म्हणे."

मामांनी बूच परत लावले. बायकोला ते भरवतील. तोंड कडू झाले, भूक मेली, तरी बोटाने चाटवतील, जगवतील. या माणसाच्या तोंडाशी कोण बोट धरणार होते? व्हरांड्यातल्या त्या वीस-बावीस जणांत सोबत आलेली माणसे मामांनी मोजली. ती सात भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सांगितले. लगदा, साखर, बोट, व्हरांड्यातली माणसे, सगळे.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी फक्त विचारले, "रोज?"

"रोज सकाळी. सुट्टीच्या दिवशीपण येत होतो."

"आणि मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"हो."

"अकरा वर्षं दिली या औषधाला, मामा," मॅडम म्हणाल्या. "साठ जनावरं फुकट गेली." मग त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलताना पाहून मामा खाली फरशी बघत राहिले. अकरा वर्षांवर पाणी फिरवायला आपले एक बोट पुरले, हे त्यांच्या मनातून जाईना.

त्यांची नोकरी गेली नाही. मोठे साहेब त्यांना पिंजरे धुण्याच्या खोलीत पाठवायला निघाले होते, मॅडमनीच अडवले. "दुसऱ्या कुणाच्या मुठीत ते इतके शांत राहत नाहीत. पुन्हा साठ आणायचे, पुन्हा मामांनीच धरायचे." मग मामांकडे वळून त्या म्हणाल्या, "पण या खेपेला औषध नसलेल्यांनाही तेवढंच कडू पाणी द्यायचं, आणि चिठ्ठ्यांचे रंग नवे. आणि तुम्ही हातमोज्याशिवाय पिंजऱ्यात हात घालायचा नाही. काही झालं तरी."

चाचणी थांबली. घरी मामांनी "तारीख पुढे गेलीय," एवढेच सांगितले. बायको म्हणाली, सरकारी काम आणि सहा महिने थांब. तिने फार विचारले नाही, आणि तेच मामांना जड गेले.

नवे साठ आले. या वेळी सगळेच तोंड घासत होते. कोण औषधाचा आणि कोण नुसत्या कडू पाण्याचा, हे मामांनाही कळत नव्हते. पण काहींनी थोड्या वेळाने नळी धरली आणि काही नळीपासून परतले, कोपऱ्यात जाऊन अंग फुगवून बसले. मामांनी हात पाठीमागे बांधले. रोज वजन, रोज आकडा. अंगातले पाणी आटून, पाठीवरची कातडी चिमटीत उचलली की तशीच उभी राहायला लागली. एकदा एका उंदराने जाळीतून नाक बाहेर काढून हातमोज्यातले बोट हुंगले, आणि मामा हातातली पेन्सिल तिथेच टाकून बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. दहा मिनिटांनी परत आले आणि त्याचे वजन लिहिले. उठता येईनासे झाले की नियमाप्रमाणे उंदीर मोकळा करायचा, तसा ते करत होते. पेटीचे झाकण लावताना त्यांच्या तोंडून "जा बाबा" निघायचे. एकोणतीस वर्षांत कधी निघाले नव्हते.

पाकीट उघडले त्या दिवशी मॅडम शू-कव्हर घालून आल्या. "औषधवाले नऊ दिवस आधी गेले," त्या म्हणाल्या. "नुसत्या कडू पाण्यावाल्यांच्या आधी. आपण बंद करतोय हे." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "त्या व्हरांड्यातल्या लोकांना दिलं असतं आपण, मामा." आणि गेल्या. मामांना त्यात माफी ऐकू आली नाही आणि रागही नाही.

दुपारी दोनलाच ते घरी आले. बायको खिडकीपाशी आरामखुर्चीत होती.

"आज लवकर?"

"काम संपलं."

मामांनी स्टूल ओढून घेतले आणि तिच्यासमोर बसून पहिल्यापासून सांगितले. कडू थेंब, साखरेचा लगदा, मॅडमना सांगितलेले खोटे, पाण्याच्या बाटलीचा तो माणूस, नवे साठ, नऊ दिवस. तुझी चाचणी मीच थांबवली, असेही सांगितले. तिने मध्ये एकदाही तोडले नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार सुरू करत होते, ती सुरू होत नव्हती.

"म्हणजे आता काही नाही," ती म्हणाली.

"काही नाही."

तिने मान खिडकीकडून मामांकडे वळवली. मग म्हणाली, "दुसऱ्या खेपेला एकालाही नाही भरवलंत?"

"नाही."

"उपाशी बसायचे तरी?"

"तरी."

"तुमच्यानं कसं बघवलं हो?"

ती रडेल, बोल लावेल, दीड वर्षाचे विचारेल, बाळाचे विचारेल, या सगळ्याची उत्तरे मामा रस्ताभर जुळवत आले होते. हा प्रश्न त्यांत नव्हता. त्यांना रडू कोसळले. प्राणीघरात आणि घरात मिळून एवढ्या वर्षांत आले नव्हते तेवढे आले.

बायकोने खांदा झुकवला. खुर्चीच्या हातावरून तिचा हात घसरत घसरत आला आणि मामांच्या गुडघ्यावर पडला, बोटे आत वळलेली, तशीच. तो परत उचलून घेणे तिच्या आवाक्यातले नव्हते, आणि मामांनीही तो उचलून ठेवला नाही. पायाला मुंग्या आल्या, उन्हे उतरली, तरी ते तसेच बसून राहिले.