विमानाच्या पत्र्याची फणी

मी एक जुनी फणी आहे. शिंगाची नाही, हस्तिदंताची तर नाहीच नाही. विमानाच्या पत्र्याची. दात वाकडेतिकडे, पाठीवर कानशीचे ओरखडे, एक कोपरा बुटाखाली चेपलेला. मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. माझा तोरा चांदीच्या फणीपेक्षा कमी नाही. पण तोरा मिरवायला गेले की माझी हकिगत आडवी येते आणि मान खाली घालावी लागते.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. युद्धाचं शेवटचं वर्ष होतं. तिथे लढाऊ विमानांचे पंख जोडत. जोडणाऱ्या बायका छावणीतल्या कैदी. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्या ज्यू होत्या. त्यातली एक ब्लिमा. अंगापिंडाने काटकुळी, हात मात्र कारागिराचे. पत्र्याचा एक टाकाऊ तुकडा तिने बाहीत सरकवला आणि पहारेकरणीची पाठ वळेल तेव्हा करवतीच्या मोडक्या पात्याने आणि कानशीने माझा एकेक दात पाडला. पकडली असती तर फासावरही गेली असती. म्हणजे मी जन्मले ती चोरून.

आणि जन्मले कोणासाठी? बोडक्या डोक्यांसाठी! कारखान्यात येण्याआधी, पहिल्या छावणीत उतरल्या उतरल्या सगळ्यांची डोकी भादरली होती. आता कुठे बोट बुडेल एवढे केस आले होते.

"अगं ब्लिमा, आता पत्र्याचं लोणीही घडव, म्हणजे पावाला लावू," पेसल म्हणाली. ही पेसल ब्लिमाच्याच गावची, बाजारात अंडी विकणारी. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काळंबेरंही नव्हतं.

ब्लिमाने मला घडवलं ते आईसाठी. तिची आई सेरेन त्याच कारखान्यात, दोन टेबलं सोडून कामाला होती. मोठ्या घरची, देवाधर्माची बाई. लग्नानंतर बाईने केस झाकायचे ही त्यांच्या धर्माची रीत, म्हणून लग्न झाल्यापासून तिने डोक्यावरचा रुमाल कधी कोणासमोर उतरवला नव्हता. पोटच्या पोरीनेही तिचे केस पाहिले नव्हते. छावणीत रुमाल गेला, केस गेले. हजेरीच्या रांगेत ती दोन्ही तळवे डोक्यावर ठेवून उभी राहायची, जशी काय अंगावर वस्त्रच नाही. पुढे केस उगवले ते पांढरे. ते इथे पांढरे झाले की आधीपासूनच होते, हेही लेकीला ठाऊक नव्हतं. आणि विचारणार कसं? तिला आई म्हणायचीच चोरी होती.

त्याचं असं झालं. कारखान्यात आल्या त्या दिवशी पहारेकरणीने गोड आवाजात विचारलं होतं, "नात्यातल्या कोण कोण आहेत? पुढे या, एकत्र ठेवू." रांगेतल्या कोणी दोघी बहिणी हात धरून पुढे झाल्या. संध्याकाळच्या गाडीने त्यातल्या एकीला दुसरीकडे पाठवलं. ती कुठे गेली, कोणालाच कळलं नाही. ब्लिमाचे वडील आणि धाकटे भाऊ पहिल्याच छावणीत मारले गेले, चिमणीच्या धुरात गेले होते. आता उरल्या होत्या या मायलेकीच. तेव्हापासून चारचौघांत त्या परक्या झाल्या. लेक आईला "अहो बाई" म्हणायची आणि आई लेकीला "ए पोरी".

मला हातात घेऊन सेरेनने विचारलं, "चोरीची आहे?"

"इथे सगळं चोरीचंच आहे, बाई. आपल्यालाही चोरूनच आणलंय."

"मग आधी तुझं डोकं आण इकडे. बाजार भरलाय उवांचा. घरी असतीस तर..."

उवांनी ताप पसरायचा आणि तापाने माणसं पटापट मरायची. म्हणून रविवारी ती लेकीला पुढ्यात बसवून मला तिच्या केसांतून फिरवायची. पहिल्याच रविवारी पेसल जवळ सरकली.

"अहो सेरेनबाई, परक्या पोरीच्या डोक्याला असा हात कोणी लावतं का? जरा ओढा की केस! आंधळ्यालाही कळेल तुम्ही कोण ते."

सेरेन चपापली. मग तिने युक्ती काढली. ती सगळ्यांचीच डोकी विंचरू लागली. पेसलचं, शेजारच्या फळीवर झोपणाऱ्या पोलिश बाईचं, जी येईल तिचं. ब्लिमाचं मात्र सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत खसाखसा. माझे दात त्या पोरीच्या कातडीला बोचायचे. ती ओरडायची नाही. डोळे मिटून बसायची. बाकीच्या म्हणायच्या, "काय फणी आहे! लीख म्हणून राहत नाही." मी फुलून जायचे. कौतुक कोणाला नको असतं?

पण कौतुकच नडलं. एवढ्या बायकांच्या केसांना भांग दिसू लागले, तर ते पहारेकरणीच्या नजरेतून कसे सुटावेत? एका हजेरीला तिने झडती घेतली आणि मी सेरेनच्या झग्याच्या शिवणीत सापडले.

"कोणी केली?"

"मीच केली," सेरेन म्हणाली.

ब्लिमाची मान झटकन वळली. एवढंच. पण तेवढं पुरलं. पहारेकरीण तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ही तुझी कोण?"

"कोणी नाही."

"कोणी नाही? बरं." तिने कात्री मागवली आणि ब्लिमाच्या हातात दिली. "मग काप हिचे केस. मुळापासून."

मला तिने चिखलात टाकून वर बूट दिला. तिथून मी सगळं पाहिलं. सेरेन गुडघ्यांवर बसली. ब्लिमाने पहिली बट धरली. तिचा हात असा थरथरत होता की कात्रीचा आवाज आम्हा सगळ्यांना येत होता. एक थेंब डोळ्यातून पडला असता तरी संपलं होतं. दोघींतली एक संध्याकाळच्या गाडीत गेली असती.

तेवढ्यात सेरेन खेकसली. "ए भवाने, नीट काप की! हात आहेत का काटक्या? कोणाच्या घरची ही अवदसा? आईने काही शिकवलं नाही वाटतं हिला!"

रांगेत बायका हसल्या. पहारेकरीणही हसली. रागावलेल्या परक्या बाईपुढे पोरीचा हात थरथरणारच, त्यात संशय कसला? सेरेन शिव्या देत राहिली आणि ब्लिमा कापत राहिली. उघड्या डोक्याने मान वर करायला जी बाई लाजायची, तिचं डोकं सगळ्या छावणीसमोर तिच्याच लेकीने भादरलं. सेरेनचा पाव दोन दिवस बंद झाला. मला पेसलने चपलेत लपवून परत आणलं.

वसंतात युद्ध संपलं. पहारेकरणी पळाल्या, दुसऱ्या देशाचे सैनिक आले. सेरेन तापाने फणफणली होती. तिला स्ट्रेचरवर घातलं तेव्हा एका सैनिकाने ब्लिमाला हळूच विचारलं, "या तुमच्या कोण?"

"कोणी नाही," ब्लिमा म्हणाली.

मित्रांनो, तिला तसं म्हणायचं नव्हतं. जिभेला वळण पडलं होतं. मोटार फाटकाबाहेर गेली, धूळ बसली, तेव्हा कुठे तिच्या कानांना ते शब्द ऐकू आले. मी तिच्या खिशात होते. तिने मूठ अशी आवळली की माझे दात तिच्या तळव्यात रुतले.

"अगं, कार्टे, काय बोललीस तू!" पेसल ओरडली. "पळ! पळ त्या गाडीमागे!"

गाडी कुठली सापडायला! मग ब्लिमा दवाखाने धुंडाळू लागली. शाळांत भरवलेले दवाखाने, तबेल्यात भरवलेले दवाखाने. "कोणाला शोधताय?" असं कोणी विचारलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. एका मठातल्या दवाखान्यात दारावरच्या परिचारिकेने अडवलं.

"फक्त नातेवाइकांना सोडतो. तुम्ही त्यांच्या कोण?"

ब्लिमाने दाराची चौकट धरली. ओठ हलले, आवाज नाही. मग एकदम, जसं काही घशातला काटा निघाला, "लेक! मी तिची लेक आहे!"

परिचारिका तिला आत घेऊन गेली. कोपऱ्यातल्या खाटेवर हाडांचा सापळा पडला होता. "सेरेनबाई, तुमची मुलगी आलीय."

सेरेनने डोळे उघडले. परिचारिकेचा पांढरा पोशाख पाहिला, लेकीचा चेहरा पाहिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मी हिला ओळखत नाही," ती म्हणाली. "माझं कोणी नाही."

ब्लिमा तिथेच खाली बसली. मग ती ओरडू लागली. "आई! आई! अगं आई!" वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या.

"गप्प बस," सेरेन भिंतीकडे तोंड करूनच पुटपुटली. "ऐकतील ना गं."

"ऐकू देत! सगळ्यांना ऐकू देत!"

सेरेनचे खांदे हलू लागले.

ती जगली. दोघी समुद्रापलीकडे माँट्रियालला गेल्या. तिथे सेरेनच्या डोक्यावर पुन्हा रुमाल आला आणि मी मोज्यांच्या खणात गेले. मला कोणी टाकलं नाही, कोणी बाहेरही काढलं नाही. खण उघडला की ब्लिमा पटकन दुसरीकडे बघायची. कात्रीचा तो दिवस दोघींनी कधी ओठांवर आणला नाही. मला वाटायचं, मी नसते तर तो दिवस उगवलाच नसता. पत्र्यालाही लाज वाटते, मित्रांनो. गंज चढला नाही तरी आतून काळं पडतं.

मला पुसा, जपा, काचेच्या कपाटात ठेवा, असं मी म्हणणार नाही. मी खणात बरी आहे. माझी विनवणी वेगळीच आहे. तुमची आई जुना कोट घालून, वाऱ्याने विस्कटलेल्या केसांनी शाळेच्या फाटकाशी उभी राहते आणि शेजारचं पोर विचारतं, "ती कोण रे?" तेव्हा तुम्ही बुटाच्या नाडीकडे बघता. मला सगळं माहीत आहे. तसं करू नका. तुमच्यापुढे कोणी कात्री घेऊन उभं नाही. तिला मोठ्याने हाक मारा.