दहा दिवसांची गादी

लालासाहेबांनी ते खोकं आमच्या दुकानासमोर उतरवलं तवा अब्बा एका उशीला टाके घालत बसले होते. खोकं उभं. माझ्या छातीएवढं.

"रहिमान, वळख बघू, यात काय हाय?"

अब्बांनी चष्म्याच्या वरनं बघितलं. "गीझर."

"गादी हाय, गादी!"

"येवढ्याशा खोक्यात? कुणाची, बाहुलीची?"

लालासाहेब टेम्पोच्या फाळक्याला धरून हसत राहिले. मला हसू आलं न्हाई. मला खोकं बघूनच कळलं होतं.

आमचं दुकान विट्यात. आमी नदाफ. कापूस पिंजून गाद्या भरायच्या, हे तीन पिढ्यांचं काम. लालासाहेब पण विट्याचेच, पण सेलमला त्यांचं सोनं गाळायचं दुकान हाय. वर्षातनं दोन-तीनदा गावाकडं येतात. त्यांच्या लग्नाची गादी माझ्या आजोबांनी भरली. थोरल्या पोरीची, अंकिताची, अब्बांनी. आता धाकट्या शिवांजलीचं लग्न ठरलं होतं, आणि अब्बा त्या कामाची दिवाळीपासनं वाट बघत होते. डबल गादी, दोन सिंगल, सहा उश्या, दोन लोड.

वाट बघायला कारण होतं. दिवाळीपासनं दुकानात नुसत्या उश्या येत होत्या. पिंजायचं मशीन पोत्याखाली झाकून ठेवलेलं. भंगारवाला दोनदा बघून गेला होता. त्याला अब्बा म्हणालेले, "लालासाहेबांच्या पोरीचं काम यिऊ दे. आलं तर ह्यो सीझन चालवतो. न्हाई आलं तर घिऊन जा."

आणि लालासाहेब आले ते हे खोकं घेऊन.

"ऑनलाइन मागवली," ते म्हणाले. "हायब्रीड. खाली स्प्रिंगा, वर फोम. स्वस्तातलीच हाय, पण लोक लय चांगलं लिवत्यात. तीस दिवस झोपून बघायची, न्हाई पटली तर परत. शिवांजली म्हणती हीच पायजे. मी म्हणलं थांब, आदी रहिमान झोपंल हिच्यावर. त्यो चांगली म्हणला तर लग्नाला डबलची मागवू. न्हाई म्हणला तर आपली कापसाची."

"मी झोपू?"

"मग कोण? भट्टीशेजारी पोत्यावर झोपून मोठा झालेला माणूस मी. मला दगडावर बी झोप लागती. गादीतलं कळतंय ते तुला. मी सेलमला जाऊन येतो दहा दिवसात. आल्यावर सांग."

अम्मी आतनं बाहेर आली. "आवं लालासाहेब, कोंबडीलाच सुरीची धार बघायला सांगताय व्हय?"

"वहिनी, रहिमान खोटं बोलत न्हाई. म्हणून तर आणली."

झालं. हे वाक्य त्यांनी अब्बांच्या तोंडावर म्हणलं तवाच मी वळखलं, काम गेलं.

साताऱ्याच्या एमआयडीसीत मी आठ महिने फोम कापायच्या कंपनीत होतो. बाकीचं व्हिडिओ बघून शिकलो. फोम किती घट्ट, किती दिवस टिकंल, हे मला हाताला कळतं. म्हणून मीच प्लास्टिक कापलं.

सुस्स झालं. गुंडाळी सुटली आणि गादी हळूहळू वर यायला लागली. अम्मी दोन पावलं मागं सरकली. "आगं बया, श्वास घेतीय ती!"

रंगासारखा वास येत होता. दुपारपर्यंत सहा इंच फुगून बसली. अब्बांनी कोपर रोवलं. गुडघा रोवला. कान लावून स्प्रिंग करकरते का बघितलं. करकरत नव्हती. मग कडेला बसले, तर कड दबून घसरायला लागले.

"बघितलं?" मी लगेच म्हणलं. "कड मरती हिची."

"कडेला कोण झोपतंय?" अब्बा म्हणाले.

आणि आडवे झाले. "हात घाल."

ही अब्बांची परीक्षा. गिऱ्हाईक भरलेल्या गादीवर उताणं झोपतं, अब्बा त्याच्या कमरेखालनं हात सारतात. हात सहज आरपार गेला तर गादी कडक, पाठ अधांतरी राहती. हात शिरलाच न्हाई तर माणूस रुतलाय. हात जायला पायजे, पण थोडा अडत. कापूस किती घालायचा, किती काढायचा, ते त्यावर ठरतं.

मी हात घातला. गेला, पण अडत गेला.

"कसा हाय?" अब्बा.

"बरा हाय," मी म्हणलं. दुसरं काय म्हणणार?

अब्बांची पाठ म्हणजे चाळीस वर्षं वाकून कापूस झोडलेली पाठ. सकाळी ते तीन टप्प्यात उठतात. पहिल्यांदा कुशीवर. मग गुडघ्यावर. मग भिंत धरून उभं. तोपर्यंत कुणी बोलायचं न्हाई. लहानपणापासनं मी असंच बघितलंय, मला वाटायचं सगळ्यांचे वडील असंच उठतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो. अब्बा एका झटक्यात उभे राहिले.

त्यांना स्वतःलाच कळलं न्हाई काय झालं ते. तसंच उभं राहून भिंतीकडं बघितलं. मग परत खाली बसले, आणि परत उठले. भिंत न धरता.

"परत कशाला बसताय?" अम्मी म्हणाली. "नमुना बघताय काय?"

अब्बा चहा उभ्यानंच प्याले. मी बघत होतो आणि मला आनंद व्हायला पायजे होता. झाला पण. पण तेवढीच भीती वाटली.

पाचव्या दिवशी मी बोललो. "अब्बा, हिचा वरचा फोम हलका हाय. मी असला फोम कापलाय. दोन वर्षात मधी खड्डा पडतोय."

"तू दोन वर्सं झोपलायस ह्याच्यावर?"

"न्हाई, पण—"

"मग? मी पाच दिवस झोपलोय. मला पाच दिवसाचं म्हाईत हाय."

"लालासाहेबांना एवढं सांगायला काय जातंय? खोटं थोडीच हाय."

अब्बांनी दाभणात दोरा ओवला. एकाच खेपेला ओवला, रोज तीनदा चुकतो. "आपल्या गादीला बी दोन वर्सानं पिंजाय लागतंच की. ते सांगतो का आपण भरून देताना?"

मला एक गोष्ट सुचली. अब्बांची स्वतःची गादी सहा वर्षं पिंजलेली नव्हती. गावाच्या गाद्या पिंजताना घरची राहून गेली. गठुळ्यांची पिशवी झाली होती नुसती. मग हे कसलं मोजमाप? नवी स्प्रिंगची आणि सहा वर्षं मेलेली कापसाची. असली कुस्ती लावायची म्हणजे अन्याय हाय.

सहाव्या दिवशी मी मशीनवरचं पोतं काढलं.

अब्बा स्टुलावर बसून बघत होते. "कापूस जरा जरा सोड. मशीन काय उपाशी हाय का?" मी जुना कापूस पिंजला, त्यात नवा घातला. दुकानभर कापूस उडाला, अम्मी तोंडाला पदर लावून शिंकत होती. गादीपाटाच्या कापडाची नवी खोळ शिवून घेतली होती, तिच्यात भरला. काठीनं बसवला. टाके घातले, सगळे, माझ्या हातानं. बोटं दोनदा फुटली. आजवर मी नुसतं पोतं उचलायचं काम केलेलं. ही माझी पहिली गादी.

अब्बा आडवे झाले. तोंडावर बरं वाटलं त्यांच्या. "चांगली भरलीस रं," म्हणाले. लय दिवसांनी माझ्या कामाला कुणी चांगलं म्हणलं होतं.

त्या रात्री ते माझ्या गादीवर झोपले. सातव्या दिवशी सकाळी तीन टप्प्यात उठले. कुशीवर, गुडघ्यावर, भिंत. मी चहा घेऊन दारात थांबलो. कुणी बोलायचं न्हाई ना तोपर्यंत.

आठव्या दिवशी सकाळी गेलो तर माझी गादी रिकामी. अब्बा पलीकडं, लालासाहेबांच्या गादीवर. मला बघून लहान पोरासारखे दचकले.

"हिकडं वारं लागतंय जरा," म्हणाले.

फॅन एकच हाय. मधोमध.

दहाव्या दिवशी लालासाहेब आले. सेलमहून मुरुक्क्याचं, तिकडल्या चकलीचं, पाकीट आणलं होतं, अम्मीच्या हातात दिलं. स्टूल ओढून बसले. "बोल रहिमान. काय निकाल?"

अब्बा बोलायच्या आत मीच बोललो. "काका, कड दबती हिची. आणि वरचा फोम हलका हाय. दोन वर्षात मधी खड्डा पडंल. मी असल्या कंपनीत होतो, मला म्हाईत हाय."

लालासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. रागावले पण न्हाईत. "अजमल, तू असंच म्हणणार रं गड्या. तुझा धंदा हाय. मी तुझ्या जागी असतो तर म्हणलो असतो, आतनं साप निघाला."

खरं बोललो होतो. शब्दन् शब्द खरा. पण माझ्या तोंडातनं तो दुकानदाराचा झाला.

"तू सांग," लालासाहेब अब्बांकडं वळले.

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. मग कोपऱ्यातल्या मशीनकडं, त्याच्यावर अजून कापसाची पुसट लव होती. मी मनात म्हणत होतो, अब्बा, खोटं बोलू नका, नुसतं थोडं कमी खरं बोला. कड दबती एवढंच म्हणा. तुमच्या तोंडचं एवढं एक बास हाय.

"चांगली हाय," अब्बा म्हणाले.

"पाठीला?"

"पाठीला चांगली हाय. पोरीला घ्या."

आत अम्मीच्या हातातली ताटली खाली ठेवल्याचा आवाज आला. बाकी काय न्हाई.

"बघ, म्हणून तुला इचारलं," लालासाहेब म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. आमच्याकडं लग्नाची गादी भरताना पहिली मूठ कापूस नवरीची आई घालते, हळद लावून. "शिवांजलीची आई इचारत हुती, त्यी मूठ कुठं घालायची? हिला तर चेन बी न्हाई."

"उशीत घाला," अब्बा म्हणाले. "उश्या भरून देतो मी."

लालासाहेब जरा घुटमळले. "उश्या दोन फुकट येत्यात रं डबलच्या बरोबर."

"मग... मग ऱ्हाऊ दे. त्या बघतील त्या काय करायचं ते."

लालासाहेबांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. उठता उठता म्हणाले, "अजमल, तुला मोबाइलमधलं सगळं येतंय. ही सिंगल परत पाठवायचा अर्ज तेवढा भरून दे. तीस दिवसाच्या आत हाय अजून. पोरीला डबलची मागवायची, मग ही कुणाला ठेवू?"

माझ्या तोंडावर आलं होतं, अब्बांना ठेवा. पाठीचं सांगितलं असतं तर त्यांनी ठेवली पण असती. पण अब्बांनी मान एवढीशी हलवली. न्हाई म्हणून. ज्या गादीला चांगलं म्हणलं तीच पदरात पडली असती, तर तो शब्द विकल्यासारखा झाला असता. मी हात पुढं केला. लालासाहेबांनी त्यांचा मोबाइल माझ्या हातात दिला.

कारण निवडा, असं लिहिलं होतं. खूप मऊ. खूप कडक. पाठ दुखते. माल खराब. चार गोल. चांगली हाय पण परत देतोय, असा गोल नव्हता. मी अंगठा फिरवत बसलो. लालासाहेबांना घाई होती. दाबला एक.

ते गेल्यावर अब्बांनी विचारलं, "कारण काय लिवलंस?"

"पाठ दुखते."

"कुणाची?"

"तुमची."

अब्बांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "लालासाहेबांच्या नावावर हाय अर्ज. त्येंची दुखती म्हणायचं हुतं."

दोन दिवसांनी गादी न्यायला दोघं आले. ती परत गुंडाळली जात न्हाई, अख्खीच न्यायला लागते. अब्बांनी फडक्यानं पुसून दिली. टेम्पोत हलू नये म्हणून आपल्या सुतळीनं बांधून दिली, तीच गाठ जी ते आपल्या गादीला मारतात. त्यातला एक म्हणाला, "चाचा, काय वाईट हुतं हिच्यात?"

"काय न्हाई," अब्बा म्हणाले.

मग भंगारवाल्याला मीच फोन लावला. अब्बांनी सांगितलं म्हणून. तो संध्याकाळी येतो म्हणाला.

दुपारी जेवण झाल्यावर अब्बा माझ्या गादीवर उताणे झोपले. मी मशीनच्या पट्ट्यातला कापूस वेचत होतो. अम्मी भांडी घासत होती.

"ये हिकडं," अब्बा म्हणाले. "हात घालून बघ. तुझी पैलीच गादी हाय, परीक्षा ऱ्हायलीच."

मी शेजारी बसलो. त्यांच्या कमरेखाली हात सारला. काहीच अडलं न्हाई. पंजा गेला, मनगट गेलं, कोपरापर्यंत गेला. पलीकडं बोटं बाहेर आली, ती अम्मीला दिसली असतील. अब्बांची पाठ माझ्या हाताच्या वर कुठंतरी होती, कशालाच न टेकता.

"अडतोय का?" अब्बांनी विचारलं. डोळे मिटलेले.

"हां," मी म्हणलं. "अडतोय थोडा."

चाळीस वर्षं हीच परीक्षा घेणारा माणूस. खाली हात किती मोकळा फिरतोय ते त्यांना कळलं नसंल, असं कसं म्हणू.

"मग चांगली भरलीयस," अब्बा म्हणाले.