किंचाळीच्या पुढचं

भगवंतरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर एक मोबाइल आणि त्याच्याभोवती अख्खं गाव. चित्रात आचल, भगवंतरावांची कॉलेजात जाणारी पोरगी, व्हिडिओ कॉलवर कोण्या 'परी'शी हसत बोलत होती. तिच्या पाठीमागं काहीतरी पांढरं, माणसाएवढं, हळूहळू वाकलं. आचलनं वळून पाहिलं, किंचाळली, आणि पडदा काळा!

"बंद करा!" भूतबाधा उतरवणारे देवमन महाराज गरजले. बायांनी तोंडाला पदर लावले.

ही किंचाळी आचलच्या आईनं, मनकर्णानं, किती वेळा ऐकली असेल देव जाणे. पोटची पोर परवापासून बेपत्ता होती आणि मागं राहिला होता तो हा मोबाइल. मैत्रिणींना दाखवायला म्हणून आचल आपले कॉल रेकॉर्ड करून ठेवायची. ते चित्र किंचाळीपर्यंतच पाहून कोणीतरी काल सकाळी अचलपुराकडून महाराजांना घेऊन आलं, अंगणात धुनी पेटली, आणि पोलिसांत जायला निघालेले भगवंतराव दारातूनच मागं फिरले.

दिवसभराच्या धुनीनंतर आज निदान निघालं, आणि महाराजांच्या ज्ञानाचं काय सांगावं! भुतांना आता पिंपळ पुरत नव्हते, त्यांनीही नेटपॅक मारला होता म्हणे. "हे नेटातली जखीण हाये, बाई. टॉवरवरून उतरते. यंदा वेचणीच्या आधी सीतादही केलं होतं का?"

मनकर्णाची मान खाली गेली. पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवायची रीत. पण यंदा सुरुवातीलाच बोंडअळीनं बोंडं पोखरली होती, तिचं मनच झालं नव्हतं. पोरीच्या जिवावर आपणच उठलो, हे तिनं मनाला लावून घेतलं.

"मंग! पांढरं सोनं कोपलं. अमावास्येले मोबाइल निंबाखाली गाडू, पोरगी आपल्या पायानं घरी येते. पन किंचाळीच्या पुढं कोनी आयकायचं नाही. जो आयकन त्याले ते धरन."

आणि गावानं मान डोलावली.

तेवढ्यात तिवस्याहून इफ्फत मॅडम आल्या. आचलच्या कॉलेजात त्या विज्ञान शिकवायच्या. पोरगी दिसत नाही म्हणून चौकशीला आल्या होत्या. तो तमाशा पाहून त्यांचं डोकंच फिरलं.

"ताई, ठाण्यात कळवलं?"

"महाराज म्हनते का आधी बंधन..."

"द्या तो मोबाइल."

"मॅडम, तुमाले काई झालं तं?"

"झालं तं मले होईन! तुमची लेक घरात नाही, त्याहून वाईट काय व्हायचं राहिलं?"

महाराजांनी हात पुढं केला होता. मनकर्णानं मोबाइल मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनी चित्र पाहिलं. "आचल बसली ते खोली कोनती?"

"आतली. कापसाची."

मनकर्णानं आतलं दार ढकललं. भाव नाही म्हणून घरोघरी कापूस पडून होता, तसाच तिच्याही खोलीत आढ्यापर्यंत. दाराजवळ ढीग ढासळलेला. मॅडमनी उरलेल्या ढिगाला काठीनं डिवचलं. पांढरी भिंत कमरेत वाकली आणि फसकन खाली आली.

"हे पाहा तुमची जखीण! दिव्याचा उजेड पोरीच्या तोंडावर, मागं अंधार. मोबाइलमधी नुसता धूसर आकार आला, आन् भेलेल्या डोयांनी त्याची बाई केली."

आपल्याच घरातला कापूस अख्ख्या गावाला ओळखू आला नव्हता.

"आता या परीकडं पाहा. केस मागं घेते, हसते, मान हलवते. पुन्हा केस मागं, पुन्हा तेच हसू. रेकॉर्ड केलेलं चित्र लावून पडद्याआडून दुसरंच कोनी बोलून राहिलं."

"पाप लागन!" महाराज ओरडले. मॅडमनी किंचाळीच्या पुढंही चित्र चालूच ठेवलं. मोबाइल कापसात पडला होता. पडदा काळा, आवाज मात्र स्पष्ट. आधी आचल खळखळून हसली. "अवं काई नाई, कापूस कोसळला. भेलीच मी!"

मग परीचा गोड आवाज. "ऐक ना, नोकरी पक्की झाली. उद्या बडनेऱ्याला ये, स्टेशनासमोर. फोन घरीच ठेव, इथं नवा देते. आईला सांगू नको."

पोरीचा पत्ता दोन दिवस ओट्यावर पडून होता, आणि तो ऐकायचा नाही म्हणून सगळ्यांनी कान झाकले होते. महाराज कधी सटकले, कोणालाच कळलं नाही.

पोलिसांना घेऊन भगवंतराव, मनकर्णा आणि मॅडम बडनेऱ्याला पोचले. स्टेशनासमोरच्या लॉजवाल्यानं फोटो ओळखला. "हो, हीच. एक बाई आन् एक मानूस होता तिच्या संगं. लई रडे. आज सकायच्या गाडीनं नेली तिले."

"काल?" मनकर्णानं विचारलं. "काल इथंच होती?"

"काल दिवसभर."

काल दिवसभर मनकर्णा धुनीसमोर हातात निंबू धरून बसली होती.

आचलचा तपास अजून चालूच आहे. आसपासच्या गावांत कोणाची लेक 'भुतानं नेली' असं कानावर आलं की मनकर्णा एसटीनं तिथं जाते. गर्दीतून वाट काढत त्या आईजवळ बसते आणि म्हणते, "बाई, भूत नसते. पोरीले माणसं नेतात, आन् आपन अंगारे लावत बसतो तवर ते लांब जातात. माही पोरगी अशीच गेली. तू ऊठ, आधी ठाण्यात चाल. मी येतो तुह्या संगं."