भासरा आला की

वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यातली गोष्ट. आंजी गावच्या बंडूजींनी धाकट्या भावाच्या, पुनाजीच्या, बायकोला वर्ध्याला डोळ्यांच्या शिबिरात न्यायचं ठरवलं. सखूचा डावा डोळा आधीच गेला होता. बाजारात आलेल्या एका मोतीबिंदू पाडणाऱ्याने सुई घालून पिकलेलं भिंग डोळ्याच्या आत ढकललं होतं. थोडे दिवस तिला दिसलं, मग डोळा सुजला, पिकला आणि बसला. आता उजव्यातही पांढरं उतरलं होतं. चुलीतला जाळ तेवढा कळायचा.

"एकच राह्यला, दादा," पुनाजी म्हणाला. "तोई गेला तं?"

"मले दिसते का नाई?" बंडूजींनी आपल्या जाड चष्म्यावर बोट आपटलं. मागच्या वर्षी वर्ध्यातच त्यांचा मोतीबिंदू काढला होता. "सुईवाला भिंग आतच पाडते, ते मंग डोळा नासवते. डॉक्टर ते भायेर काढते. वरून रेशमाचे टाकेई घालते आता. सांग तिले, भेवाचं काम नाई."

सखू दाराआडच उभी होती. तरी पुनाजीने वळून सांगितलं, "दादा म्हणते, भेवाचं काम नाई."

"त्याइले सांगा, येते म्हणा," दाराआडून उत्तर आलं.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर बाईने खाटेवर राहायचं नाही. तो आला की उतरायचं, पदर ओढायचा, जमिनीला डोकं टेकवायचं. बोलायचं तर नाहीच. त्यानेही तिचं नाव घ्यायचं नाही. सखू नवरी होऊन आली तेव्हापासून दोघांत एक शब्द थेट गेला नव्हता. बंडूजी राहत वेगळे, पण जेवत भावाकडे. घरात तिसरं माणूस नसलं तर ते गोठ्यातल्या म्हशीला सांगत, "भुरे, मी वावरात चाललो वं, जेवाले येत नाई." सखूही म्हशीलाच विचारी, "काऊन वं, कालची भाजी खारट झालती का?" पुनाजी हसे. "एखाद्या दिवशी म्हैसच जवाब देईन तुमाले."

शिबीर एका धर्मशाळेत होतं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी पुनाजीला बशीत काढून ठेवलेलं भिंग दाखवलं. मसुरासारखं दोन्हीकडून फुगीर, पण आकाराने बरंच मोठं आणि मळकट पिवळं. मग त्यांनी समजावलं. बुबुळाच्या वरच्या कडेने अर्धवर्तुळ काप आहे, तो धरून ठेवायला टाके दोनच. काप मिटेपर्यंत डोळ्यावर दाब आला, तर आतलं सगळं त्या फटीतून बाहेर येईल. म्हणून उठायचं नाही, वाकायचं नाही, कुंथायचं नाही.

सखूच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. सरोजिनीबाई नर्सने तिला दटावलं, "मावशी, देव जरी आला तरी उठायचं नाही."

"इतक्या दूर कायले येते वो देव," सखू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंडूजी आले, धोतराच्या सोग्यात संत्री घेऊन. खोलीत दोनच खाटा होत्या. शेजारच्या म्हातारीला पट्टी बदलायला नेलं होतं, पुनाजी दूध आणायला गेला होता. सखू एकटी पडली होती. तिला तशी पडलेली पाहून बंडूजींना बरं वाटलं. तेही असेच पडले होते, आणि आज वर्तमानपत्र वाचत होते. ते दारात थांबले आणि बायका असलेल्या खोलीत शिरताना नेहमी खाकरत, तसे खाकरले.

सखूचा हात पदर शोधू लागला.

ती उठते आहे, हे त्यांना लगेच कळलं. उठलं तर काय होतं, हेही त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. "उठू नको." एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. रिकामी. व्हरांड्याकडे वळून ते ओरडले, "कोणी हाय का? अरे, तिले सांगा कोणी, उठू नको म्हणा!" व्हरांड्यात कोणी नव्हतं. मग आपणच निघून गेलो तर ती पुन्हा निजेल, असं वाटून त्यांनी पाठ फिरवली आणि घाईने चालू लागले.

मागे वाळूची पिशवी फरशीवर पडली. ते वळले. सखू खाटेवरून उतरून जमिनीवर गुडघ्यांवर होती, पदर नीट घेतलेला. ते जिथे उभे होते, बरोबर त्या बाजूला तिने डोकं टेकवलं होतं.

डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा कापातून आतला काळसर पडदा आणि त्यामागचा चिकट, काचेसारखा द्रव बाहेर आला होता. त्यांनी करता येईल ते केलं. पेनिसिलीन दिलं, डोळा पिकू दिला नाही. उजेड मात्र परत आणता आला नाही.

"तुम्ही तिथेच होतात ना?" त्यांनी बंडूजींना विचारलं. "नुसतं नको म्हणायचं होतं."

"आमच्यात बोलत नाई, साहेब."

डॉक्टर रागावले असते तर बंडूजींना सोसलं असतं. पण डॉक्टर हात धुवायला गेले.

सखू घरी आली. बरेच दिवस बंडूजी भावाच्या घराकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी गेले. पुनाजी अंगणात दोर वळत होता, सखू ओसरीवर बसली होती. त्यांची चाहूल लागताच ती भिंत चाचपत उभी राहिली. बंडूजी ओसरीच्या पायरीशी आले.

"सखू," ते म्हणाले.

पुनाजीच्या हातातला दोर थांबला.

"सखू, मी बंडू. माह्यं चुकलं. मी तवा बोलाले पाह्यजे होतं."

 भिंतीला धरूनच तिने पदर पुढे ओढला आणि पुनाजी जिथे बसला होता तिकडे तोंड केलं.

"त्याइले सांगा, ते बोलले असते तरी मी उठलीच असती."

ती खरं सांगत होती की त्यांचं मन राखत होती, ते बंडूजींना तिच्या आवाजावरून कळेना. आणि तिचं तोंड तर नेहमीसारखंच पदराआड होतं.

"दादा," पुनाजी खाली मान घालून म्हणाला, "ती म्हणते, तुमी बोलले असते तरी ती उठलीच असती."