धक्क्यावरची शंका

मी शंका बोलतेय. दचकू नका, ते माझं नावच आहे. मी एक कुत्री आहे. रंगानं तपकिरी, कानांनी लोंबती, आणि स्वभाव कसा असेल ते नावावरून तुम्ही ओळखलंच असेल.

माझा जन्म पिठाच्या गिरणीमागच्या गोदामातला. गिरणीवाल्यानं माझ्या आईला उंदरांसाठी पाळलं होतं. त्यामुळे दुधाचा वास आणि उंदराचा वास मला बरोबरच कळले. एक दिवस धक्क्यावर सामान तपासणारी ताई पिल्लू न्यायला आली. माझी भावंडं लगेच तिच्या पायात लोळायला लागली. मी आधी तिची पिशवी हुंगली, मग बूट, मग पुन्हा पिशवी.

"हिचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही," ताई हसून म्हणाली. "हीच द्या मला."

धक्क्यावरच्या ऑफिसात गेल्यावर तिच्या साहेबांनी विचारलं, "नाव काय ठेवलंत?"

"अजून काही नाही. पण सारखी शंका घेते हो."

"मग शंकाच म्हणा की."

तेव्हापासून मी धक्क्यावर आले की लोक म्हणतात, "शंका आली!" आणि स्वतःच हसतात. वर्षानुवर्षं त्याच विनोदावर हसायचं माणसांना कसं जमतं, मला अजून समजलेलं नाही.

आमच्या धक्क्यावरून समोरच्या बेटावर लाँच जाते. त्या बेटावर समुद्रपक्षी जमिनीत बिळं करून अंडी घालतात. पूर्वी कधीतरी जहाजांतून उंदीर तिथं उतरले आणि त्यांनी बेट ओस पाडलं. मग माणसांनी सापळे लावून, दगडन्‌दगड उलटून, मोठ्या कष्टानं ते संपवले. पक्षी परत आले. आता बेटावर जाणारी प्रत्येक वस्तू आधी मी हुंगते. उंदराचा वास आला की त्या वस्तूसमोर बसायचं, एवढंच माझं काम. बसले की ताई चेंडू देते.

पिशव्या हुंगता हुंगता मला माणसंही कळायला लागली. "काही नाही हो, नुसते कपडे आहेत," असं जो न विचारताच सांगतो, त्याच्या पिशवीत हमखास काहीतरी असतं. कुणाच्या मोज्यांना परक्या गवताचं बी चिकटलेलं असतं, तर कुणाच्या रोपाच्या कुंडीत मुंग्यांचं अख्खं घर. एक गृहस्थ पाळलेलं कासव टोपलीत घेऊन आले होते. "बिचारं कंटाळलंय, तिकडच्या तळ्यात मोकळं सोडतो," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ताईनं त्यांना चहा पाजला आणि कासवासकट परत पाठवलं. वाईट हेतूनं येणारे थोडेच. बहुतेकांचा हेतू चांगलाच असतो, म्हणून तर मी कुणालाच सोडत नाही.

लाँच चालवायचा ताईचा थोरला भाऊ. सगळा धक्का त्याला दादाच म्हणे. बेटावरचे उंदीर संपवायचं काम चाललं होतं तेव्हा सापळ्यांच्या पेट्या त्यानंच पाठीवरून वर चढवल्या होत्या. मला तो माणूस आवडायचा. तरी त्याची एक गोष्ट मला खटकायची. अधूनमधून त्याच्या घामाचा वास एकदम बदलायचा आणि हात थरथरायचे. मग तो केबिनचं दार लोटून घ्यायचा. बाहेर आला की पुन्हा नेहमीचा दादा. काहीतरी लपवत होता, एवढं नक्की.

एका सकाळी मी लाँचवर चढले आणि थेट केबिनमधल्या बाकासमोर बसले.

ताईनं चेंडू दिला नाही. दादानं हसून तिला सगळी लाँच दाखवली. दोरखंड उलगडले, लाइफ जॅकेटं झटकली, सामानाचे खोके रिकामे केले. काही निघालं नाही. बाक म्हणजे खरं तर कुलूपबंद पेटी होती. "त्यात माझा रेनकोट आणि पाने-पकडी. किल्ली घरी राहिली," दादा म्हणाला. भावाच्या शब्दावर ताईनं लाँच सोडली.

पुढच्या फेरीला मी पुन्हा तिथंच बसले. त्याच्या पुढच्या फेरीलाही.

"म्हातारी झाली ही," दादा म्हणाला. "नाक गेलं हिचं."

ताईला ते लागलं. तिनं माझ्या सरावासाठी ठेवलेल्या उंदराच्या पिंजऱ्यातली चिंधी धक्क्यावरच्या खोक्यांच्या ढिगात लपवली आणि मला सोडलं. मी पहिल्याच दमात शोधून काढली. चेंडू मिळाला, पण ताईचा चेहरा उतरला. माझं नाक शाबूत असेल, तर मग संशयाचं बोट कुणाकडे जात होतं?

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दादा, बाक उघड."

"किल्ली नाही म्हटलं ना?"

"मग कुलूप तोडू."

"माझ्या लाँचवर कुलूप तोडणार? सख्ख्या भावावर शंका घेतेस तू?"

"मी नाही रे घेत. ती घेतेय," ताईनं माझ्याकडे बघून म्हटलं. पण या वेळी कुणी हसलं नाही.

मी ताईकडे बघितलं, मग दादाकडे, आणि बसूनच राहिले. तेवढ्यात साहेब ऑफिसातून घाईघाईनं आले. बेटावरच्या रखवालदाराचा फोन आला होता. उतरायच्या जागेजवळ एक अंडं सापडलं होतं. कड कुरतडलेली. दातांच्या खुणा बारीक.

दादानं गळ्यातला गोफ ओढून शर्टाबाहेर काढला. किल्ली त्यातच ओवलेली होती.

बाक उघडला. आत बिस्किटांचे पुडे होते, साखरेच्या गोळ्या होत्या, रेनकोट होता. पुडे खालून कुरतडलेले. मागच्या फळीला मुठीएवढं भोक. रेनकोटाच्या अस्तराचा कापूस ओढून कोपऱ्यात घरटं केलेलं, आणि त्यात गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं. ती गार पडत चालली होती.

"आई कुठाय यांची?" साहेबांनी विचारलं.

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. लाँच आदल्या दिवशीच बेटाला लागून आली होती.

"मला मधुमेह आहे," दादा खालमानेनं म्हणाला. "साखर एकदम उतरते. त्या वेळी गोड खावं लागतं. कळलं असतं तर सुकाणू काढून घेतलं असतं तुम्ही."

"वहिनीला माहितीये?" ताईनं विचारलं.

"नाही."

ताई चिडली होती की रडत होती, हे तिचा वास घेऊनही मला नीट सांगता आलं नसतं. शेवटी एवढंच म्हणाली, "आधी मला तरी सांगायचंस रे."

त्याच दिवशी दुसऱ्या होडीनं आम्ही बेटावर गेलो. माझ्या तोंडाला मुसकी बांधली होती, कारण पक्ष्यांच्या बाबतीत ताईचा माझ्यावरही पूर्ण भरवसा नाही. बरोबरच आहे तिचं.

तिथं मी जे पाहिलं त्यानं माझा जीव कासावीस झाला. पक्षी पळेचनात! वाटेत बसलेल्या माद्या मान वर करून माझ्याकडे बघायच्या आणि तशाच बसून राहायच्या. करड्या पिसांचं एक पिल्लू डुलत डुलत आलं आणि माझी मुसकी चोचीनं ठोकून गेलं. चार पायांचं जनावर म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. मी आयुष्यभर गिरणीवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांवर शंका घेतली, आणि इथं हजारो जीव असे, की ज्यांना शंका हा प्रकारच ठाऊक नाही. अशांच्यात एक उंदरीण मोकळी फिरत होती. तिच्या पोटात आणखी पिल्लं असतील तर?

वारा उलटा होता. वास यायचा आणि हरवायचा. कितीतरी वेळा आम्ही उतार चढलो आणि रिकाम्या परतलो. ताईच्या टाचा सोलल्या. आम्ही रखवालदाराच्या खोलीत मुक्कामच ठोकला. शेवटी खोलीमागच्या ओंडक्यांच्या ढिगापाशी मी थबकले, परत फिरले, आणि बसले. रखवालदारानं त्याच जागी सापळे लावले. मधले दिवस ताईनं धड जेवण घेतलं नाही. मग एका सकाळी सापळा बंद झालेला दिसला.

तिच्यातही वाईट काही नव्हतं, एवढं मला सांगू द्या. भूक होती, पिल्लं होती. चुकीच्या जागी येऊन पडली होती, आणि तीही स्वतःहून आलेली नव्हती. ताईनं तिच्याकडे बघून मान फिरवली. त्यानंतर कितीतरी महिने आम्ही बेट पिंजून काढलं. दुसरा वास आला नाही.

दादाचं सुकाणू गेलं. घरी वहिनीनं त्याला धारेवर धरलं, आधी उंदरावरून, मग आजारावरून. "अहो, नवऱ्याचा आजार कुत्रीकडून कळायचा होता का मला?" असं ती धक्क्यावर येऊन सगळ्यांदेखत म्हणाली. साहेबांनी दादाला कामावरून काढलं नाही. आता तो धक्क्यावर सामान तपासायला ताईच्या शेजारी बसतो. एखादा प्रवासी "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाला, की दादा शांतपणे सांगतो, "नाही. माझ्यावरसुद्धा नाही. उघडा."

आता माझ्या तोंडावरचे केस पांढरे झालेत. जिने चढताना मागचे पाय कुरकुरतात. पण खरी काळजी वेगळीच आहे. परवा एका पेटीजवळून मी पुढे गेले आणि थांबले. वास होता की नव्हता? पूर्वी असा प्रश्न पडायचा नाही. मी मागे फिरले आणि पेटीसमोर बसले. ताईनं ती रिकामी केली. आत फक्त पुस्तकं होती. पेटीवाला वैतागला, लाँचला उशीर झाला, आणि ताईनं चेंडू न देता माझ्या कानामागे हात फिरवला, जरा जास्तच वेळ.

आयुष्यभर जगावर शंका घेतली. आता मला माझ्याच नाकाची शंका येते. म्हणून तुम्हाला विनवते, कुठल्याही बेटावर, रानात, तळ्याकाठी जायला निघालात, तर घरीच पिशवी उलटी करून झटका. बुटांचे तळवे घासा. पाळलेलं काही नकोसं झालं तर पाण्यात सोडू नका, कुणाला तरी विचारा. आणि धक्क्यावर एखादी म्हातारी कुत्री तुमच्यासमोर येऊन बसली, तर रागावू नका. कदाचित तुमच्या पिशवीत काहीच नसेल. तरी उघडून दाखवा. नसलेल्या उंदरासाठी मी शंभरदा बसेन. असलेल्यासमोरून एकदाच पुढे गेले, तर ते करडं पिल्लू त्याच्याकडेही डुलत डुलत जाईल.